लुमीरच्या खुर्चीचा अभ्रा

ब्रानिक गावची चार जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची, मिरवणूक इतकी छोटी असते की ती दोनदा फिरवावी लागते. चौदा जुने ट्रॅक्टर, आगीचा बंब, हायस्कूलचा बँड, मक्याची राणी आणि सर्वांत शेवटी घोडे. घोडे शेवटी का, ते त्यांच्या मागून चालून पाहिलं की कळतं. एवढा लवाजमा मुख्य रस्त्यावरून जातो, धान्याच्या कोठीला वळसा घालतो आणि त्याच रस्त्याने परत येतो. लोक दुसऱ्यांदाही तितक्याच जोरात टाळ्या वाजवतात. आणि हे पाहायला जागा मिळावी म्हणून दोन दिवस आधीच घडीच्या खुर्च्या आणून फुटपाथच्या कडेला मांडून ठेवतात. सातशे माणसांचं गाव, रस्ता अर्धा मैल लांब. सगळ्यांनी आडवं झोपून पाहायचं ठरवलं तरी जागा उरेल. पण नेब्रास्काच्या माणसाला आपली जागा आधी धरल्याशिवाय चैन पडत नाही.

अर्लीन व्हॉन्ड्राला या प्रकाराचा मनस्वी तिटकारा होता आणि तिचं पोट त्याच्यावरच चालत होतं. ती या खुर्च्यांना अभ्रे शिवायची.

वय अडुसष्ट. लग्न केलं नाही. करण्याजोगा कुणी दिसला नाही, असं ती म्हणे. धान्याच्या ट्रकांवर टाकायच्या ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं एक जडशीळ शिलाई मशीन तिने घरी आणलं, गॅरेजमध्ये ठेवलं आणि गाडी कायमची बाहेर उन्हात लावली. त्या मशीनवर ती पडद्यांना दुमडी घाली, पँटच्या चैनी बदली आणि कपडे घेऊन आलेल्या प्रत्येकाला चार शब्द ऐकवी. लोक तरीही येत. शिवण उसवत नसे, म्हणून येत.

अभ्र्यांचा धंदा सुरू झाला तो गावाच्या मूर्खपणातून. हायवेवरच्या एकाच मोठ्या दुकानातून सगळ्या गावाने एकसारख्या निळ्या खुर्च्या आणल्या होत्या. त्याच नळ्या, तेच कापड, हातावर पेल्यासाठी तेच भोक. एका चार जुलैला फिलिस ड्वोरचेक चुकून पलीकडच्या घरच्यांची खुर्ची घेऊन गेली आणि ते तिची घेऊन गेले. दोन्ही खुर्च्यांत टाक्याचासुद्धा फरक नव्हता. तरी दोन्ही घरं अख्खा हिवाळा एकमेकांशी बोलली नाहीत. फिलिस म्हणे, माझी जास्त आरामाची होती. पुढच्या वर्षी अर्लीनने स्वतःच्या खुर्चीला जाड कॅनव्हासचा अभ्रा घातला आणि त्यावर लाल कापडात कापून नाव शिवलं. आठवड्यात अकरा बायका दारात उभ्या. त्यात फिलिस पहिली.

“मला चांदण्या हव्यात अभ्र्यावर. आणि ऑक्टोबरसाठी वेगळा, भोपळ्यांचा.”

“खुर्ची आहे ती फिलिस, नवरी नव्हे.”

“आणि मागं वेल्क्रो लाव, काढायला सोपं.”

“वेल्क्रोनं मांजराचे केस धरायचे असतात. मी नाड्या लावते. पटत असेल तर बस, नाहीतर हायवेवर दुकान आहे.”

फिलिस बसली. बसावंच लागे, कारण अर्लीन माप घ्यायची ते माणूस खुर्चीत बसल्यावरच. या खुर्चीचं कापड झोळीसारखं असतं. बसलं की खाली जातं, पाठ टेकली की मागे जातं. रिकाम्या खुर्चीच्या मापाने अभ्रा शिवला तर पहिल्याच बसण्यात शिवण तडकते. म्हणून गिऱ्हाईकाने आपली खुर्ची घेऊन यायचं, गॅरेजमध्ये बसायचं आणि अर्लीन दातांत टाचण्या धरून, गुडघ्यावर सरकत, चारी बाजूंनी कापड टोचणार. पाठीवर उशीच्या खोळीसारखा चढणारा भाग, बैठकीवर येणारी जीभ, खाली नळीला बांधायच्या चार नाड्या, कडेला एक खिसा. पेल्याच्या भोकाला ती काज करी तशी शिवण घालून घेई. नाव पाठीला दोन्ही बाजूंनी, मागून येणाऱ्यालाही वाचता यावं म्हणून. काम चोख होतं. बोलणंही चोख होतं. अभ्रा खुर्चीपेक्षा महाग पडतो हे ती प्रत्येकाला आधीच सांगे, आणि तरीही शिवून घेणाऱ्याकडे अशा नजरेने पाही की त्याला आणखी एक सांगावासा वाटे.

नावं आली आणि गावाला जणू नवा कायदाच सापडला. नाव असलेली खुर्ची म्हणजे माणूस हजर. तिला कुणी हात लावायचा नाही, तीत कुणी बसायचं नाही. एका वर्षी ओमाहा शहरातून आलेलं एक जोडपं बापडं मोकळ्या खुर्च्या बघून टेकलं, तर अख्खा रस्ता त्यांच्याकडे बघत राहिला. कुणी एक शब्द बोललं नाही. पाच मिनिटांत ती दोघं उठून गाडीत जाऊन बसली. ब्रानिकमध्ये यालाच सौजन्य म्हणतात.

लुमीर हा अर्लीनचा मोठा भाऊ. शहात्तर वर्षांचा, गावाबाहेर चार मैलांवर बापाच्या जुन्या घरात एकटा राहायचा. जमीन खंडाने दिलेली. आपण टोमॅटो, काकड्या आणि एक म्हातारी मांजर सांभाळायची. मोबाइल नाही. स्वयंपाकघरात भिंतीवर फोन, तोही वाजला तरच उचलायचा, आपण होऊन लावायचा नाही. बहीण तोंडाने फटकळ, भाऊ मुकाट हट्टी. आईबाप गेल्यापासून चाळीस वर्षं दोघांच्या खुर्च्या मिरवणुकीला जुन्या बँकेसमोर शेजारी शेजारी लागत, आणि दोघं मिळून अख्ख्या गावाला नावं ठेवत. त्याचा जुना अभ्रा उंदरांनी कुरतडला, म्हणून जूनमध्ये अर्लीनने त्याला माप द्यायला बोलावलं.

“हलू नकोस.”

“बसायला बोलावलंस की पुतळा व्हायला?”

“मूळचाच पुतळा आहेस तू. पाठ टेक. नीट टेक, माझ्यावर उपकार केल्यासारखी नको.” तिने खांद्याजवळ टाचणी टोचली. “वजन उतरलंय तुझं.”

“गेल्या वर्षी म्हणालीस, सुटलोय.”

“गेल्या वर्षी सुटला होतास. आणि जिना उतरताना भिंत धरतोस हल्ली. ईस्टरला पाहिलंय मी.”

“भिंत माझी आहे. धरीन.”

अर्लीनने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. लुमीर ओळखून होता. तिने टाचण्या काढल्या की काहीतरी येणार.

“गावातल्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीय. खिडकी पूर्वेला. मी बोलून आलेय त्यांच्याशी.”

लुमीर उठला. अर्धवट टोचलेलं कापड त्याच्याबरोबर उठलं आणि पाठीवरून ओघळलं.

“खुर्चीचं माप घेतेस की शवपेटीचं?”

“पडलास तर कुणाला कळणार तिकडे? मांजर सांगायला येणार?”

“तुला कळेल की. तुला सगळंच कळतं. सगळ्यांच्या ढुंगणाचं माप तुझ्या वहीत आहे.” तो दारापर्यंत गेला आणि वळला. “या वर्षी माझी खुर्ची समोर लागेल, पशुखाद्याच्या दुकानापुढे. तुझ्या शेजारी नको.”

“लाव की! चंद्रावर लाव. नाव एवढं मोठं शिवते की तिथूनसुद्धा वाचता येईल.”

आणि तिने शिवलं. वीत-वीतभर उंच अक्षरं, लाल कॅनव्हासची, दुहेरी दोऱ्याची, दोन्ही बाजूंना. इतकी मोठी अक्षरं तिने कधी कुणाच्या अभ्र्यावर घातली नव्हती. रागाने शिवली, पण कोपरे सगळे घट्ट बसवले. मग अभ्रा नेऊन त्याच्या पोर्चच्या कठड्यावर टाकला आणि दार न वाजवता परत आली.

दोन जुलैच्या संध्याकाळी लुमीर पिकअपमधून आला, पशुखाद्याच्या दुकानासमोर खुर्ची उघडली, अभ्रा चढवून चारी नाड्या बांधल्या, बेकरीत कॉफी आणि जर्दाळू भरलेला गोड पाव, कोलाचे, घेतला आणि घरी गेला. बेकरीतल्या सगळ्यांनी हे पाहिलं. अर्लीनला अर्ध्या तासात तीन जणींनी फोन करून कळवलं. फोन करून कळवण्याच्या बाबतीत आमचं गाव कुणाला हार जाणार नाही. फक्त कळवायचं काय, एवढंच त्याला समजत नाही.

चार तारखेला दहा वाजता मिरवणूक निघाली. अर्लीन बँकेसमोर आपल्या खुर्चीत, शेजारी रिकामी जागा. ऊन समोरून. रस्त्यापलीकडे डावीकडे फिलिसच्या घरच्यांनी बारा खुर्च्या मांडल्या होत्या, आलेले पाच. वर छत असलेल्या दोन नव्या तऱ्हेच्या खुर्च्या होत्या, त्यामुळे पलीकडचं सगळं अर्धंमुर्धंच दिसे. त्या छतांच्या मधून तिला तिची लाल अक्षरं दिसली. इंग्रजीतली पाचही. ठसठशीत.

“बसलाय,” ती स्वतःशी म्हणाली. “बसलाय मख्खासारखा.”

पाठीला टेकून माणूस बसलेला असता तर ती अक्षरं त्याच्या पाठीमागे झाकली गेली असती. नाव वाचता येतंय याचा अर्थच खुर्चीत कुणी नाही. इतकी साधी गोष्ट त्या अख्ख्या रस्त्यावर एकाच्याही डोक्यात आली नाही. जिने ती अक्षरं शिवली तिच्याही नाही. लोकांनी लुमीर वाचलं आणि लुमीर पाहिला. येणारेजाणारे हात करत गेले. लुमीर उलट हात करत नसे, जन्मात कधी केला नव्हता, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. ट्रॅक्टरवाले मुठी भरभरून टॉफ्या फेकत होते. फुटपाथवरची प्रत्येक टॉफी पोरांनी वेचून नेली. लुमीरच्या खुर्चीत पडलेल्या मात्र तशाच राहिल्या. दुसऱ्याच्या मांडीवरची टॉफी उचलायची नाही, असं आमची पोरं आईच्या पोटातून शिकून येतात.

मिरवणूक दोनदा झाली. घोडे दोनदा झाले. सगळे चर्चच्या हॉलमध्ये जेवायला गेले, आणि तिथे फिलिसने अर्लीनला गाठलं. तिच्या ताटात डम्पलिंगचा, उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, ढीग होता.

“लुमीर काय छान दिसतोय गं! रंग परतलाय अगदी चेहऱ्यावर.”

“बोललीस त्याच्याशी?”

“हात केला. तो कुठं बोलतो?” फिलिसने आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या दोन टेबलांनाच ऐकू जाईल इतका. “जेवायला नाही आला तो. तुझ्यामुळे असेल. मिटवा बाई आता. या वयात शोभतं का?”

दर वर्षी तो काकडीच्या लोणच्याची बरणी आणायचा. या वर्षी टेबलावर लोणचं नव्हतं. ते सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि सगळ्यांनी त्याचं कारण अर्लीनच्या माथी मारून आणखी एक डम्पलिंग वाढून घेतलं.

परत जाताना ती मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवरून गेली. खुर्ची होती. बैठकीच्या झोळीत टॉफ्यांचा ढीग, उन्हाने मऊ झालेला. तिला वाटलं, मला येताना पाहिलं आणि मधूनच उठून गेला. टॉफ्यासुद्धा झटकल्या नाहीत. तिच्या डोक्यात तिडीक उठली. पाच वाजता तिने फोन उचलला, त्याच्या नंबरातले चार आकडे फिरवले आणि ठेवून दिला. एवढा तोरा असेल तर करील तोच, असं म्हणून ती बटाटे सोलायला बसली. त्याने आयुष्यात कधी आपण होऊन फोन केला नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

पाच तारखेला सकाळी साडेसातला फोन वाजला. फिलिस.

“अर्लीन, मी मिरवणूक समितीच्या वतीनं बोलतेय. तुझ्या भावाची खुर्ची अजून रस्त्यावर आहे.”

“मग?”

“मग काय? रात्रीच्या आत उचलायची असते, ठाऊक आहे ना? टॉफ्यांना मुंग्या लागल्यात. अख्ख्या रस्त्यावर तेवढी एकच उरलीय. बरं दिसतं का ते?”

अर्लीन काहीतरी खरमरीत बोलायला गेली आणि थांबली. लुमीर आणि खुर्ची रात्रभर बाहेर? जो माणूस ढग दिसला की बादलीसुद्धा आत घेतो, तो नवाकोरा अभ्रा दवात टाकून जाईल? ती शंका तिने रागानेच दाबली. खुर्ची नेऊन त्याच्या दारात आपटते, आणि एकदाचं काय ते तोंडावर बोलून येते, असं ठरवून ती निघाली. मुंग्यांसकट टॉफ्या गटारात झटकल्या, खुर्ची मिटून आपल्या गाडीत टाकली आणि चार मैल गाडी अशा वेगात हाकली की वाटेतल्या दोन गाड्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

मांजर पोर्चवर ओरडत होती. तिची थाळी कोरडी. दार नुसतं लोटलेलं, स्वयंपाकघरात दिवा चालू, टेबलावर घडी न मोडलेलं तीन तारखेचं वर्तमानपत्र. तळघराचं दार सताड उघडं.

“लुमीर!”

खालून खोकल्यासारखा आवाज आला.

तो पायऱ्यांच्या तळाशी कुशीवर पडला होता. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला, ओठ फुटलेले, पँट ओली होऊन सुकलेली. आजूबाजूला बरणीच्या काचा, आणि सगळ्याला पीच फळांच्या पाकाचा चिकट वास. खालच्या फळीवरची एक बरणी हाताशी आली, ती त्याने भिंतीवर फोडली होती आणि हाताला काचा लागतील म्हणून शर्टाच्या टोकाने पीच उचलून खाल्ले होते. तळघर थंड होतं म्हणून वाचला. वर असता तर जुलैच्या उकाड्याने संपवला असता.

अर्लीन पायऱ्या उतरली. तिने त्याच्या डोक्याखाली आपला स्वेटर सारला.

“तुझेच पीच,” तो म्हणाला. आवाज खरवडल्यासारखा. “साखर फार घालतेस.”

“गप. बोलू नकोस.” आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर, ती रडली. मोठ्याने, नाक वाहेपर्यंत.

तिने वर जाऊन भिंतीवरच्या फोनवरून रुग्णवाहिका मागवली. आमच्याकडे रुग्णवाहिकेवर गावातलेच लोक असतात. डग आला; हाच डग आदल्या दिवशी बंब चालवत होता, अंगावर अजून तोच मिरवणुकीचा टीशर्ट. पोरगा कामाला चांगला. त्याने नाडी पाहिली, पायाला फळ्या बांधल्या, शिरेत सुई घातली, मग गुडघ्यावर कागद ठेवून पेन काढलं.

“मिस व्हॉन्ड्रा, यांना शेवटचं ठणठणीत कुणी पाहिलं? वेळ नक्की हवी. मूत्रपिंडांचं काय झालं असेल ते डॉक्टर त्यावरून ठरवतात.”

“काल,” अर्लीन लगेच म्हणाली. “सकाळी दहाला, मिरवणुकीत. मी पाहिलंय ना, पशुखाद्याच्या दुकानासमोर बसला होता.”

“हो हो, बरोबर,” डगने लिहायला सुरुवात केली. “मी पण पाहिलं. बंबावरून हात केला होता मी.”

“मी तीन तारखेच्या संध्याकाळपासून इथं आहे,” लुमीर म्हणाला.

डगचं पेन थांबलं.

“लोणचं घ्यायला उतरलो होतो. चार तारखेच्या जेवणासाठी.” त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि वर लाकडी छताकडे पाहिलं. “फोन इथं बरोबर माझ्या डोक्यावर आहे. वाजला असता तर ऐकू आला असता. दोन रात्री, एक दिवस, कान लावून होतो. एकदाही वाजला नाही. म्हटलं, अर्लीनचा राग अजून गेलेला नाही.”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने उलट दिला असता. सगळं आयुष्य तिने तेच केलं होतं. तो फक्त काय झालं ते सांगत होता.

“पण मी तर हात...” डग गोंधळून तिच्याकडे बघू लागला. “तुम्ही नक्की पाहिलं होतं ना यांना? मग मी इथं काय लिहू?”

“खोड ते.”

“अं?”

“दहा वाजताचं खोड. दोन तारीख लिही, संध्याकाळ. बेकरीतल्या लोकांनी पाहिलं होतं.” तिने लुमीरचा हात धरला, तो पाकाने चिकट होता आणि तिच्या हाताला तसाच चिकटून राहिला. “आणि त्याच्याखाली लिही, बहीण चार मैलांवर राहते. तिनं पाहिलं नाही. फोनसुद्धा केला नाही.”

“ते लिहायची जागा नाहीये या कागदावर, मिस व्हॉन्ड्रा.”

“मग मागच्या बाजूला लिही,” अर्लीन म्हणाली.